डोणीतलं होल्टेज

मंगळू गावितला कुणी काहीही विचारलं की तो आधी उलटा सवाल टाकायचा, "कुठपासून?"

"मंगळू, नाशिक किती लांब रं?"

"कुठपासून?"

"आरं, आपण उभं हाय तिथून!"

"मंग तसं सांगावं ना. पिंपळगाव बसवंतापासून येगळं, वणीपासून येगळं."

माणूस पुन्हा काही विचारायच्या भानगडीत पडत नसे. स्वतःचं लग्न जमवायला गेला तिथंही हेच. मामानं कानात विचारलं, "पोरगी उंच वाटती का रं?" हा मोठ्यानं म्हणाला, "कोणापरीस?" तर आतून पोरीनंच उत्तर दिलं, "तुझ्यापरीस!" ते खरं होतं. ती मनीषा. आजही ती माळ्यावरचं सामान काढते नि हा खाली उभा राहून झेलतो.

मंगळू पेठच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला कोकणा आदिवासी. होळी झाली की त्याचा बाप बायकापोरांसकट द्राक्षाच्या बागांवर मजुरीला खाली उतरायचा, त्यात हाही उतरला नि खालीच राहिला. मधे दोन वर्षं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला. पहिल्याच दिवशी तिथल्या मास्तरानं बोर्डावरच्या एका स्क्रूवर बोट ठेवून विचारलं, "इथं होल्टेज किती?" सगळी पोरं ओरडली, दोनशे तीस. मास्तर म्हणाला, "गाढवांनो, एकट्या जागेला होल्टेज नसतं. दोन जागांच्या मधे असतं. दुसरी जागा कोणती ते आधी विचारा." बाकीची पोरं दुपारच्या डब्यापर्यंत ते विसरली. मंगळूला ते असं चिकटलं की अजून सुटलेलं नाय.

गावाला समजावताना तो बांधाचं सांगायचा. "एकट्या वावराला बांध असतो का? नसतो. बांध दोन वावरांच्या मधी. भांडायलाबी दोघं लागत्यात. तसंच हे. तारेवर होला बसतो, मरतो का? नाय मरत. दोन्ही पाय एकाच तारेवर. त्याला भांडायला दुसरं वावरच नाय."

गावाला हे पटायचं नाय, कारण गावाकडं टेस्टर होता. टेस्टर म्हणजे तो खिशातला स्क्रूड्रायव्हर, ज्याच्या पोटात बारका दिवा असतो. लावला नि दिवा पेटला तर लाईट आहे, नाय पेटला तर नाय. आमच्या गावाला जगातली सगळी उत्तरं अशीच लागतात, आहे का नाय. किती आहे, कशाच्या मानानं आहे, असलं विचारणारा माणूस कामचुकार समजला जातो. त्यात मंगळू काम सुरू करण्याआधी आपलं पिवळं मीटर काढणार, लाल वायर इथं लाव, काळी तिथं लाव, मग दोघी उलट्या कर, आकडा बघून मान हलव. मीटर ठेवायला त्याला मनीषानं जुन्या ब्लाउजची पिशवी शिवून दिली होती. लोक म्हणत, गावित पोथी काढतोय.

तरी गावची निम्मी घरं नि गोठे त्याच्याच हाताखाली होते. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रायभानअप्पा गटकळ.

रायभानअप्पा प्रगतशील शेतकरी होते. हे आम्ही म्हणत नाय, त्यांच्या फाटकावरच्या बोर्डावर लिहिलं होतं, वर त्यांचा गॉगल घातलेला फोटो. आठ एकर द्राक्षं, बारा एचएफ जातीच्या दुधाळ गायी, गायींच्या कानात बिल्ले, गोठ्यात चार कॅमेरे. कोणती गाय किती वेळ बसली नि किती वेळ उभी राहिली हे अप्पा नाशकात चहा पिता पिता मोबाईलवर दाखवायचे. गोठ्यात जायचं झालं तर ढोपरापर्यंत काळे गमबूट. अप्पांचा पाय गेल्या दहा वर्षांत जमिनीला लागलेला कुणी पाहिला नव्हता.

ह्या वर्षी होळी झाल्यावर अप्पांच्या मळ्यात तीन नव्या गोष्टी आल्या.

एक, गायींना पाणी पाजायची लोखंडी डोण. गोठ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, नि थेट बोअरवरून लोखंडी पाईपनं जोडलेली. आधी सिमेंटचा हौद होता, त्याचा फोटो चांगला येत नव्हता.

दोन, बंगल्यात एसी. अप्पांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, दुपारचं ऊन सोसेना.

तीन, नवसाबाई. चाळिशीची बाई, मंगळूच्याच वरच्या अंगाची, त्याच्या शेजारच्या पाड्यातली. दुपारचं शेण, चारा, पाणी तिच्याकडं. सकाळचं पाणी मात्र वत्सलाबाई स्वतः पाजायच्या, गायींना हळदकुंकू लावून. दुपारी त्या एसीत आडव्या व्हायच्या.

आठ दिवसांत गायी पाणी पिईनात. नीट सांगायचं तर दुपारी पिईनात. सकाळी पीत. दुपारी डोणीला तोंड लावलं की मान झटक्यानं मागं घेत, पाय आपटत, नि तहानेनं हंबरत पाण्याकडं बघत उभ्या राहत. दूध एकतृतीयांश उतरलं.

अप्पांनी आधी जनावरांचा डॉक्टर आणला. त्यानं बाराही गायींच्या तोंडात हात घातला नि म्हणाला, तोंडं छान आहेत. मग पाण्याची बाटली तपासायला गेली. पाणी इतकं चांगलं निघालं की अप्पाच ते प्यायला लागले. मग दूध काढायच्या मशीनचा इंजिनिअर आला. त्यानं गोठ्याच्या बोर्डावर मीटर लावलं, दोनशे एकतीस आलं, ओके म्हणाला. डोणीला टेस्टर लावला, दिवा पेटला नाय, डबल ओके म्हणाला नि निघाला.

नवसाबाईनं त्याला गाठून सांगितलं, "साहेब, त्या पान्यात हात घातला का माझ्या पायाला मुंग्या येत्यात."

साहेब म्हणाला, "बाई, व्हिटॅमिन घ्या."

आता सगळं ओके आहे म्हटल्यावर राहिलं काय? गायी सकाळी वत्सलाबाईंच्या हातचं पाणी पितात, दुपारी नवसाबाईच्या हातचं पीत नाय. दुखणं होळीनंतर आलं, नि होळीनंतर तीन गोष्टी आल्या. त्यातल्या दोघींची गॅरंटी कार्डं अप्पांच्या कपाटात होती. तिसरीचं नव्हतं.

सटाण्याकडचा एक भगत अप्पांना मोबाईलवरच सापडला. व्हिडिओ कॉलवर त्यानं गोठा बघितला, डोळे मिटले, नि आपल्या अहिराणीत म्हणाला, "अप्पा, पाणीमा बाधा शे. तुमना गोठामा कोणी नवी बाई उनी शे का?"

अप्पा खुर्चीतून उठलेच. "बघा! नवी बाई आलीय हे आपण सांगितलं होतं का त्याला?"

भगतानं उपाय सांगितला. येत्या रविवारी दुपारी तो जातीनं येणार. त्या बाईनं गावादेखत ओलेत्यानं डोणीपाशी उभं राहायचं, "माझी बाधा मी माघारी घेते" असं तोंडानं तीनदा म्हणायचं, नि मागं न बघता शिवेबाहेर जायचं. गायी तिथल्या तिथं पाणी पितील.

शनिवारी सकाळी नवसाबाई मंगळूच्या दारात येऊन उकिडवी बसली. मनीषानं चहा दिला तो तिनं खाली ठेवला.

"मंगळ्या, उद्या मला म्हणायला लावत्यात."

"काय व्हतं म्हटल्यानं? म्हण नि जा. दुसरा गोठा बघ," मंगळू म्हणाला. तो एका जळक्या होल्डरशी झटापट करत होता.

मनीषानं उलथनं आपटलं. "हा काय बोलतोय! तू कोणत्या गावचा? आरं, तिनं तोंडानं कबूल केलं का बुधवारच्या बाजारात वर बोंब जाईल. आपल्याकडं भुताळी म्हटलं का काय करत्यात, तुला म्या सांगू?"

सांगायची गरज नव्हती. वरच्या अंगाला भुताळी म्हणजे करणी करणारी बाई. एकदा शिक्का बसला की पाड्यात कुणाचं पोर तापलं तरी तिचं दार वाजतं. नवसाबाईला वर एक खोपटं होतं, दीड एकर वरई-नागलीचं रान होतं, नि ते रान हवं असलेले दोन चुलत दीर होते.

"शिवेबाहेर जाईन मी," नवसाबाई म्हणाली. "पण शिवेबाहेर म्हंजी कुठं? तिकडं वरबी घेनार नाय."

मंगळूनं होल्डर खाली ठेवला. "त्या मुंग्यांचं काय सांगत व्हतीस?"

"पान्यात हात घातला का पायात येत्यात."

"हातात नाय? पायात?"

"हातातून जात्यात, पायात उतरत्यात. चप्पल घातली का नाय येत. पन शेनात चप्पल घालून कोन जातं?"

मंगळू उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला न विचारता दोन्ही जागा सांगितल्या होत्या.

रविवारी दुपारी गोठ्यापुढं जत्रा भरली. अप्पांनी मंडप दिला नव्हता एवढंच, पाण्याचा जार ठेवला होता. भगत आला तो भगव्या उपरण्यात, अनवाणी. आल्या आल्या त्यानं डोणीभोवती पाण्याचं रिंगण टाकलं, पाच घागरी. जमीन चिकचिक झाली. नवसाबाईला एका कडेला उभी केली होती. तिनं पदर दातात धरला होता नि ती रडत नव्हती. त्यावरूनही बायकांत कुजबूज झाली, बघा, रडत सुद्धा नाय.

भगतानं मंत्र म्हटला, हात उंच केला, नि डोणीतलं पाणी शिंपडायला म्हणून हात आत बुडवला.

"आयोव!"

तो एवढा उडाला की उपरणं डोणीत पडलं. मग धंदा आठवला. "देवी उनी! पाय पडा! देवी उनी!"

गर्दीनं पटापट हात जोडले. दोघी म्हाताऱ्या तर आडव्याच झाल्या. तेवढ्यात मंगळू पिशवीतून मीटर काढत पुढं आला.

"अप्पा, दोन मिनिटं."

"मंगळू, तुझी पोथी नंतर काढ. आता देवीचा टाईम हाय."

"देवी किती आली ती मोजतो नुसती."

अप्पा काही बोलायच्या आत त्यानं लाल वायर डोणीच्या लोखंडाला टेकवली, काळी वायर ओल्या जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला. मीटरवर होल्टचा आकडा आला. साडेदहा.

"साडेधा," मंगळू म्हणाला. "डोणीपासून जमिनीत."

"मंग?" अप्पा हसले. "आरं, बोर्डात दोनशे तीस असतं. तिथं माणूस मरतो. साडेधाला काय? तो इंजिनिअर टेस्टर लावून गेला, दिवा बी नाय पेटला!"

"टेस्टरचा दिवा साडेधाला पेटत नाय. गाय पेटती. तिचं तोंड ओलं, नाकपुडी ओली, चारी पाय ओल्या जमिनीवर. तुमच्या पायात बूट हायेत, अप्पा. काढा."

"काय?"

"बूट काढा, नि हात लावा."

गर्दीला हे लय आवडलं. प्रगतशील शेतकऱ्याचा पाय बघायला मिळणार होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काढा अप्पा, देवी बुटावरून येत नाय." अप्पांना माघार घेता येईना. त्यांनी गमबूट काढले. आतले पाय पांढरेफटक, कोंबासारखे. ते चिखलात रुतले. अप्पांनी एक बोट डोणीला लावलं, नि "आई गं" म्हणत असा हात मागं घेतला की अगदी गायीसारखा.

मग काय विचारता! जो तो चप्पल काढून रांगेत. "मला बी येतंय!" "मला दंडापर्यंत आलं!" "सर की, माझा नंबर!" सरपंचांनी दोनदा घेतलं. भगत प्रत्येकाला सांगत होता, देवी प्रसन्न शे, देवी प्रसन्न शे.

मंगळूनं गोठ्याचा मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, मशीन थांबली. "आता बघा, जाईल."

त्यानं मीटर लावलं. साडेदहा.

पुन्हा लावलं. वायरी उलट्या केल्या. साडेदहा.

भगताच्या अंगात आता खरंच वारं भरलं. "लाईट बंद, तरी बी शे! मंग हाई काय शे? मना बाप शे का? वायरमन, सांग ना भो!"

लोक हसले. अप्पांचा चेहरा फिरला. "झालं तुझं, मंगळू? हो बाजूला. घ्या त्या बाईला फुडं."

दोन बायांनी नवसाबाईला दंडाला धरून रिंगणात आणली. तिनं मंगळूकडं बघितलं. मंगळू मीटरकडं बघत होता. त्याच्या आयटीआयच्या मास्तरानं ह्याच्या पुढचं शिकवलं नव्हतं. एक घागर तिच्या डोक्यावर ओतली गेली.

"म्हण," भगत म्हणाला.

नवसाबाईनं तोंड उघडलं, नि तेवढ्यात मंगळू ओरडला, "थांब! बोलू नको!"

मीटरवर अर्धा आला होता. साडेदहावरून थेट अर्ध्यावर. कुणी काही केलं नव्हतं. अन् तिकडं रांगेतल्या तिसऱ्या गायीनं डोणीत नाक बुडवलं नि ती प्यायला लागली. घटाघटा. मग चौथी. मग सगळ्या. बारा गायी पाणी पीत असल्या की कसा आवाज होतो तो पंधरा दिवसांनी दुपारच्या गोठ्याला ऐकू आला.

"गई! बाधा गई!" भगतानं नारळ उचलला.

"आत्ता काय झालं? आत्ता इथं काय बदललं?" मंगळू गरागरा फिरून बघायला लागला. "कोन आलं? कोन गेलं?"

आल्या होत्या फक्त वत्सलाबाई. एवढा गलका कसला म्हणून झोपमोड होऊन बंगल्याच्या पायरीवर उभ्या होत्या.

"काकू, तुमी बाहेर येताना काय केलं?"

"काय करणार? चपला घातल्या."

"त्याच्या आधी?"

"एसी बंद केला. रिकाम्या खोलीत कशाला चालवायचा?"

मंगळूनं हात जोडले. "काकू, पाया पडतो. आत जा, एसी लावा."

वत्सलाबाई पुटपुटत आत गेल्या. दोन मिनिटं गेली. मीटर अर्ध्यावरून उठलं ते दहाच्या वर. बारा माना एकदम मागं आल्या, बारा गायी फुसकारल्या.

"काकू, बाहेर या! बंद करून या!"

त्या आल्या. गायी प्यायल्या.

"आत जा!"

गेल्या. गायी हटल्या.

असं तीन वेळा झालं. मंगळूच्या दृष्टीनं आता सगळं सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ होतं. गावाच्याही दृष्टीनं होतं, फक्त गावानं एसी बघितलाच नव्हता. गावानं वत्सलाबाई बघितल्या. त्या आत गेल्या की गायी पाणी सोडतात, बाहेर आल्या की पितात. बायकांत पुन्हा कुजबूज सुरू झाली, ह्या खेपेला जरा खालच्या आवाजात.

भगतानं नारळ काखेत धरून दाढी खाजवली. "मी पहिलेच सांगेल व्हतं," तो म्हणाला, "बाईमाणूस शे म्हणून. कोणती ते काय मी सांगेल नव्हतं."

रायभानअप्पांना घाम फुटला. नवसाबाईच्या वेळी जे डोळे मिटून पटलं होतं ते आता डोळे फाडूनही पटेना. "नाय नाय नाय! असं काय बोलता बुवा! अंधश्रद्धा हाय ही! विज्ञानाचं युग हाय! मंगळू, बाबा, तू बघ, वायरीचंच हाय काहीतरी. आपण शिकलेली माणसं!"

"मंग हिला सोडा," मंगळूनं नवसाबाईकडं बोट केलं.

"सोडली, सोडली! अगं सोडा तिला! टॉवेल द्या कुणीतरी!"

मंगळू बंगल्याच्या मागं गेला. गोठ्याचं लाईटबिलाचं मीटर वेगळं, बंगल्याचं वेगळं, म्हणून तर गोठ्याचा मेन ओढून काही झालं नव्हतं. एसीची वायर आत, मेन बोर्डात. बोर्डातून फेज नीट खांबाकडं गेलेली. न्यूट्रल, म्हणजे करंट माघारी नेणारी वायर, मात्र खांबाकडं गेलीच नव्हती. ती भिंतीवरून खाली, कुंड्यांच्या मागनं, सरळ बोअरच्या लोखंडी केसिंगला. बोअरवरून पाईप, पाईपावरून डोण. एसीनं खाल्लेला सगळा करंट माघारी खांबाला जायच्या ऐवजी जमिनीत उतरत होता नि वाटेत गायींच्या तोंडाला भेटून जात होता.

जोड पानांनी झाकला होता. मंगळूनं पानं बाजूला केली, नि तो तसाच उकिडवा राहिला.

जोडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, त्यावर द्राक्षाचे वेल बांधायची हिरवी सुतळी, दोन वेढे नि उलटी गाठ. अख्ख्या तालुक्यात असा जोड बांधणारा एकच माणूस होता.

मग त्याला सगळं आठवलं. गेल्या वर्षी मार्चात अप्पांच्या सुनेचं, हर्षालीचं, डोहाळजेवण होतं. दीडशे बाया, कूलर, गाण्याचा डबा. ऐन वेळी खांबावरची न्यूट्रल जळून तुटली. अप्पा म्हणाले, "काहीतरी कर मंगळू, दोन दिवसांपुरतं." तो म्हणाला, दोन दिवसांपुरतं. आमच्याकडं ही रीतच आहे. न्यूट्रल गेली की मिळेल त्या लोखंडाला बांधायची, पहार ठोकायची, वर मिठाचं पाणी ओतायचं. दिवा लागतो. दिवा लागला की माणूस विसरतो. अप्पा विसरले, मंगळूही विसरला. तेव्हा बंगल्यात एसी नव्हता, गोठ्यात लोखंडी डोण नव्हती. दोन दिवसांचे तेरा महिने झाले.

बंगल्यामागं तो एकटाच होता. खिशात पक्कड होती. मेन बंद करून एक चाप दिला असता, सुतळी खिशात टाकली असती, तर समोर जाऊन "सापडला फॉल्ट" म्हणायला मोकळा. लोकांनी खांद्यावर घेतलं असतं.

पण मग लोक विचारणार, काय सापडलं? दाखव. दाखवायला काही नसलं की भगत म्हणणार, नारळानं झालं. नि बाधा होती म्हटलं की ती कुणाची होती हे ठरवायला दोन बाया उभ्या होत्या, एक बंगल्याची मालकीण नि एक ओल्या लुगड्यातली मजूर. त्यातली कोणती निवडली जाईल हे मोजायला मीटर लागत नव्हतं.

"या सगळे इकडं!" मंगळू ओरडला. "अप्पा, भगताला बी आना!"

सगळे कुंड्या तुडवत मागं आले.

"हा जोड बघा. इथनं करंट डोणीत जातो. बाईत काय नाय, काकूंत काय नाय. ही वायर खांबाला पायजे, ती बोअरला बांधलीय."

"कुण्या हरामखोरानं बांधली?" अप्पा गरजले.

"म्या."

मंगळूनं सुतळीच्या गाठीवर बोट ठेवलं.

"तुमच्या सुनेच्या डोहाळजेवनाला. तुमी म्हटलं दोन दिवस. गाठ बघा, माझी हाय. तुमच्या बागेतल्या वेलीला मी अशीच गाठ बांधायचो, माझ्या बापानं शिकवलेली."

अप्पांच्या तोंडावर आधी सुटका झाल्यासारखं दिसलं, बायको वाचली म्हणून. मग ते लगेच आवरून त्यांनी राग आणला. "म्हंजी माझ्या गायींचं पाणी तू तोडलं! नि वर पोथी घेऊन शहाणपणा शिकवतो मला, माझे बूट काढून!"

"तोडलं म्याच. आता जोडतोबी म्याच."

त्यानं बंगल्याचा मेन ओढला नि पक्कडीनं सुतळीसकट जोड तोडला. माडीवरून हर्षालीचा आवाज आला, "अहो, वायफाय गेलं!" तिकडं गोठ्यात जाऊन त्यानं सगळ्यांदेखत मीटर लावलं. शून्य. गायींना ते आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी वीज बोर्डाच्या माणसाला खांबावर चढवून नवी न्यूट्रल ओढून घेतली, नि त्याच दिवशी अप्पांनी मंगळूला गोठ्याच्या कामावरून काढून टाकलं. भगताला नारळ नि कोंबडा मिळाला. त्यानं नंतर सांगितलं म्हणे, वायरमनच्या तोंडून देवीनंच खरं वदवलं. अप्पांनी नाशकातून दुप्पट मोठं मीटर आणलं. आता पाहुणा आला की ते गमबूट घालून गोठ्यात जातात, दोन्ही वायरी डोणीवर शेजारी शेजारी टेकवतात नि सांगतात, "झिरो! हे मी शोधून काढलेलं." दोन्ही वायरी एकाच ठिकाणी टेकवल्यावर झिरोच येणार, पण हे सांगायला तिथं आता कुणी कामाला नाय.

बुधवारी बाजाराला बोंब वर गेली खरी, पण नवसाबाईही त्याच जीपनं गेली. सुकट मांडून बसलेल्या बायकांनी तिला बघून पदर सावरले. एकीनं विचारलं, "तूच ना गं ती, गायींचं पानी तोडलेली?"

"म्या नाय," नवसाबाई खणखणीत बोलली, चुलत दीर ऐकतील अशा बेतानं. "तो मंगळ्या गावित. धोंड्या गाविताचा पोर. त्यानंच समद्यांफुडं कबूल केलं."

बाया लगेच म्हणाल्या, असं व्हय. वायरमन चुकला. पोटापान्याचा मानूस, चुकायचंच. नि त्या सुकटीच्या भावाकडं वळल्या. मंगळूच्या घरावर दगड आला नाय, कुणाच्या पोराला ताप आला म्हणून त्याचं दार वाजलं नाय.

परतताना नवसाबाई मंगळूच्या दारात थांबली. पदरात करवंदं होती. तिनं मनीषाकडून पातेलं मागून घेतलं, ओंजळीनं करवंदं ओतली, नि अर्ध्यावर हात थांबवून बाकीची पुन्हा पदरात गुंडाळली.

"तुझ्यामुळं माझ्यावर आलं नि तुझ्यामुळंच गेलं," ती मंगळूला म्हणाली. "म्हणून अर्धीच."

मंगळूनं पातेल्यात वाकून बघितलं. "अर्धी म्हंजी? कितीतली?"

"गप खा," नवसाबाई म्हणाली नि चालती झाली.